सासूबाईंचा नवा जन्म

पहिली घंटा झाली तेव्हा सासूबाई घरात नव्हत्या.

ईस्टरचा रविवार. चर्चच्या मंडळीच्या जेवणासाठी चढवलेलं रश्श्याचं पातेलं चुलीवर नीट झाकलेलं होतं, जाळ मागे ओढलेला होता, कणीक ओल्या फडक्याखाली मुरत होती. पळून जाणारी बाई इतकं सगळं आवरून जात नाही, म्हणून मी आधी परसात पाहिलं, मग शेजारी, आणि मग उगीचच माळ्यावरसुद्धा. मला सातवा महिना होता आणि मी शिडीवर चढून माळ्यावर सासू शोधत होते, यावरून माझी काय अवस्था झाली असेल ते समजा. दोरीवरची नवी पांढरी साडी मात्र दिसत नव्हती. म्हणजे नेसून गेल्या होत्या.

आमचे हे कोटाची बटणं लावत दारात आले. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "गेली?"

"गेल्या."

ते खाटेवर बसले आणि लावलेली बटणं एकेक करून काढायला लागले. आईची काळजी होतीच, पण मंडळीपुढे आता कोणतं तोंड घेऊन जायचं ही काळजी त्याहून मोठी दिसत होती. त्यांचाही दोष नव्हता. आई बाप्तिस्म्याच्या ऐन वेळी नाहीशी होण्याची ही तिसरी खेप होती.

सासूबाईंचं नाव गोदावरी. मी त्यांना आत्या म्हणायची. सासरे मिशनच्या शाळेत मास्तर. ते लग्न झाल्यावर ख्रिस्ती झाले, सखारामाचे शांतवन झाले. पुढे मुलगा झाला तेव्हा त्याचा बाप्तिस्मा करून त्याचं नाव शमुवेल ठेवलं. आत्यांनी त्याचं शामू करून टाकलं आणि स्वतः मात्र होत्या तिथंच राहिल्या. मास्तरांनी कधी बळजबरी केली नाही. आत्या दर रविवारी चर्चला यायच्या, गीतं पाठ, प्रार्थना पाठ, नाताळच्या करंज्या तर त्यांच्याशिवाय व्हायच्याच नाहीत. फक्त प्रभुभोजनाची ताटं फिरायला लागली की त्या हळूच उठायच्या आणि बाहेर चिंचेखाली जाऊन लोकांची लहान पोरं खेळवायच्या. बाप्तिस्मा झाला नाही त्याला ती भाकर नाही, असा आमच्या मंडळीचा नियम. कोणी त्यांना हाकललं नव्हतं, पण बसा असंही कोणाला म्हणता येत नव्हतं.

मास्तर वारले आणि वर्षाच्या आत आत्या स्वतःच चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेल्या. म्हणाल्या, मलाही आता बसू द्या. सगळ्यांना आनंद झाला. शिकवणीला त्या मांडी घालून पुढे बसायच्या आणि इतरांची उत्तरंसुद्धा द्यायच्या. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकसाहेबांचा हात कुंडात बुडालेला, त्यांनी प्रेमानं विचारलं, बाई, नवं नाव कोणतं घेणार? आत्यांना एकदम आठवलं की दूध चुलीवर राहिलं. गेल्या त्या गेल्याच. पाळकसाहेब ओला हात धरून किती वेळ उभे होते याची गोष्ट माझ्या लग्नात मला पाचसहा जणांनी सांगितली. दुसऱ्या खेपेला मी सून म्हणून घरात आलेली होते. महिला मंडळाच्या दीनाबाईंनी एलीशिबा हे नाव सुचवलं, सगळ्यांना पसंत पडलं, आणि दुसऱ्याच दिवशी आत्या एसटीनं भावाच्या गावाला निघून गेल्या. पंधरवड्यानं परत आल्या त्या डोक्यावर शेंगांचं गाठोडं घेऊन, जसं काही शेंगा आणायलाच गेल्या होत्या.

मग लोकांनी आपापले तर्क काढले. कोणी म्हणायचं भावांना भिते. कोणी म्हणायचं कणगीत अजून देवीचा टाक लपवलेला आहे. दीनाबाई म्हणायच्या, "अहो, त्यांना पुढे येऊन बसायला आवडतं, आत्म्याचं तारण नको." दीनाबाई वाईट नव्हत्या. त्यांना फक्त सगळ्यांच्या आत्म्याची काळजी होती, आणि ती त्यांच्या आवाजात जरा जास्त ऐकू यायची.

ह्या वेळी पाळकसाहेब शहाणे झाले होते. नावाचा विषय त्यांनी काढलाच नाही. उलट आदल्या दिवशी शेवटच्या शिकवणीत त्यांनी घटकाभर नव्या जन्माचंच समजावून सांगितलं. प्रभूकडे आलेल्या त्या वयस्क शास्त्र्याची गोष्ट सांगितली, म्हातारा माणूस पुन्हा आईच्या पोटात कसा जाईल असं विचारणाऱ्याची. आत्या त्यावर हसल्यासुद्धा. पण मग पाळकसाहेब म्हणाले, नवा जन्म म्हणजे जुनं सगळं मागे पडलं, पुसलं गेलं, आणि आत्यांचं हसू थांबलं. मी शेजारीच होते. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

तर आता शोधायला जायचं कोणी? ह्यांना लाज वाटत होती. मी चपला घातल्या. ह्यांनी, तू कशाला, असं म्हटलं, पण खाटेवरून उठले नाहीत.

पांदीत शेळ्या घेऊन निघालेली एक म्हातारी भेटली. तिला विचारलं तर म्हणाली, मास्तरीणबाई ना, ओढ्याकडं गेल्या, चांगल्या नटूनथटून.

ओढा त्या दिवसांत कोरडा. करंजाच्या झाडाखाली तेवढी हिरवी सावली होती आणि त्या सावलीत आत्या बसल्या होत्या, पांढऱ्या साडीला धूळ लागू नये म्हणून खाली पोतं अंथरून. चपला बाजूला नीट जोडीनं ठेवलेल्या.

मला बघून पहिलं वाक्य काय बोलल्या, तर, "पोटुशी बाई तू, या उन्हाची कशाला आलीस?"

"तुम्ही कशाला आलात?"

"मला कुठं पोट हाय."

मला हसू आलं आणि रडूही. पाय भरून आले होते. त्यांच्या जवळच एक सपाट धोंडा होता, मी त्यावर टेकायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. "तिथं नको. इकडं पोत्यावर बस."

मी बसले. लांबून दुसरी घंटा ऐकू आली. मग मी म्हटलं की सगळे वाट बघतायत, यांनी कोट काढून ठेवलाय, पाळकसाहेबांचं वय झालंय, असं वरचेवर करणं बरं नव्हे. माझं बोलणं त्यांनी नीट ऐकून घेतलं. नंतर म्हणाल्या, "रिबके, तू तर जन्माचीच ख्रिस्ती. तुझा नवा जन्म झालाय का गं?"

आता काय सांगायचं? आमच्या घरात तीन पिढ्यांचं ख्रिस्तीपण. नवा जन्म आमच्याकडे रेशन कार्डासारखा, आपण यायच्या आधीपासूनच घरात असलेला. मी कधी उघडून पाहिला नव्हता. तरी थोरल्यासारखं तोंड करून मी पाळकसाहेबांचंच म्हणून दाखवलं, की जुनं सगळं जातं, नवं होतं.

"तेच तर," आत्या म्हणाल्या.

आणि मग त्यांनी मला त्यांच्या लग्नाचं सांगायला घेतलं. मी मनात म्हटलं, तिकडे मंडळी ताटकळतेय आणि इकडे हे काय मध्येच. पण आत्यांचं बोलणं मध्ये तोडता येत नसे, ते आपल्या वळणानंच जायचं.

त्यांचं माहेरचं नाव चंद्रभागा. घरात सगळे चंदी म्हणायचे. लग्न ठरलं तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही, पण मांडवात आलं, की सासूचंही नाव चंद्रभागाच. एका घरात एका नावाच्या सासूसुना कशा चालतील? कोणी हाक मारली तर कोणी ओ द्यायची? तिथल्या तिथं तांदळात नवं नाव काढलं, गोदावरी. आणि सासूनं जवळ घेऊन सांगितलं, पोरी, आता हा तुझा नवा जन्म, माहेरचं विसरायचं, मागं वळून बघायचं नाही.

"मी लहान होते, मला वाटलं बोलायची रीत असंल," आत्या म्हणाल्या. "पण खरंच विसरायचं होतं. बाप मेला तर बाराव्याला पाठवलं न्हाई. म्हणे, चंदी गेली, ही गोदावरी हाय."

मला वाटलं, सापडलं. इतकी वर्षं सगळे देवी शोधत होते आणि भानगड होती नावाची. मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांचा हातच धरला. म्हटलं, आत्या, नाव बदलायलाच हवं असं कुठं आहे, आपण पाळकसाहेबांना सांगू, गोदावरी म्हणूनच करा, एवढ्यासाठी का कोणी पळून जातं.

त्यांनी हात सोडवून घेतला नाही. पण मान हलवली.

"नावाचं नव्हं गं."

आत्या त्या धोंड्याकडे वळल्या. करंजाची वाळकी फुलं त्याच्यावर पडली होती, ती त्यांनी तळहातानं बाजूला केली, जशी आपण अंथरूण झाडतो तशी.

"ही हौसा हाय," त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही. मग एकदम कळलं, आणि मी ज्या धोंड्यावर बसणार होते त्याच्याकडे मला बघवेना.

शामूच्या आधीची पोर. हौसेनं झालेली म्हणून हौसा. बसायला लागली होती, दोन दात आले होते, गोवरानं गेली. इतकी लहान पोर म्हणून इथं पुरली. घरी आल्यावर सासू म्हणाली, पोरगी होती, जास्त रडू नको, पुढच्याला दृष्ट लागते. त्या रडल्या नाहीत. मास्तर तेव्हा मास्तर नव्हते, सखाराम होते, आणि त्या वर्षात सखाराम घरात कमी आणि गुत्त्यावर जास्त असायचे. मग कोणीतरी त्यांना मिशनच्या माणसांकडे नेलं. दारू सुटली. बाप्तिस्मा झाला. त्या दिवशी संध्याकाळी घरी आले ते उजळ तोंडानं, बायकोला पुढ्यात बसवलं आणि म्हणाले, गोदावरी, आपला नवा जन्म झाला, मागचं सगळं गेलं, आता त्याचं नावसुद्धा काढायचं नाही.

"मी म्हटलं बरं," आत्या म्हणाल्या. "आन् काढलं न्हाई. शामूला न्हाई सांगितलं, कुणालाच न्हाई. त्यांनी केलं ते त्यांचं. पण मला पण पुसून टाकलं तर हिला कोण राहिलं? एका जन्मात चंदी गेली, दुसऱ्या जन्मात हौसाची आई जायची. मला बसायचंय गं त्या ताटावर. लई बसायचंय. पण हिला इथं टाकून कशी बसू?"

माझं पाठ केलेलं सगळं संपलं होतं.

तेवढ्यात पांदीकडून कोणीतरी येताना दिसलं. पाळकसाहेब होते. उपासनेचा पांढरा झगा गुडघ्यापर्यंत वर खोचलेला, डोक्यावर रुमाल, हातात काठी. उजागरे पाळक आमच्या मंडळीत इतकी वर्षं होते की त्यांचा उपदेश कुठं उतरणीला लागतो ते लहान पोरांनाही माहीत होतं. शेळ्यांवाल्या म्हातारीनं त्यांनाही वाट दाखवली असणार. मला वाटलं आता रागावतील. ते सावलीत आले, घाम पुसला, आणि आत्यांना म्हणाले, "बाई, निदान पाणी तरी बरोबर आणायचं होतं. एवढ्या लांब पळायचं तर."

आत्यांनी पदर सारखा केला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू सांग." मी सांगितलं. चंदीपासून हौसापर्यंत, जमेल तसं. मधे माझा आवाज जायचा तेव्हा आत्या दुरुस्ती करायच्या, की दोन दात न्हाई, वरचा तिसरा पण दिसत होता.

पाळकसाहेब ओढ्याच्या काठावर खाली बसले. झग्याची पर्वा केली नाही. बराच वेळ काठीनं वाळूत रेघा ओढत राहिले. शेवटी म्हणाले की मी इतकी वर्षं हा शब्द वापरतो आहे, आणि ऐकणारा त्यातून कोणता जन्म घेऊन घरी जातो हे मी कधी विचारलं नाही. मग जरा थांबून त्यांना हसू आलं. म्हणाले, "आणि मास्तरांचं म्हणाल तर, बाई, ते मला स्वतः सांगायचे. ज्याचं नाव काढायचं नाही म्हणाले ना, ती बाटली होती."

"बाटली?" आत्या म्हणाल्या.

"दारूबद्दल बोलत होते ते. त्या नावाची त्यांना एवढी भीती की उपदेशात द्राक्षारस म्हटलं तरी मान खाली घालायचे."

"मंग तसं नीट बोलायचं ना," आत्या म्हणाल्या. इतक्या वर्षांनी, मेलेल्या नवऱ्यावर, त्या खरोखरीच चिडल्या होत्या. "घरात बाई बसलीय, तिला कळायला नको का, काय गेलं ते?"

पण आत्यांचा मूळ प्रश्न तसाच होता आणि त्यांनी तो सोडला नाही. मास्तर काहीही म्हणोत, त्या म्हणाल्या, काल तुम्हीपण तेच बोललात. जुनं पुसलं जातं. माणूस नवा जन्मतो. नव्यानं जन्मलेल्याला कुठली आली लेक?

मला त्या क्षणी पोटात एक लाथ बसली. जोरात. मी बरगडीखाली हात दाबला आणि माझ्या तोंडून निघून गेलं की तुमचं तुम्ही काय ते बघा, मला तर ह्याच जन्माची भीती वाटते. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. पहिलटकरीण बायका हसतमुख असल्या की घरच्यांना बरं वाटतं, म्हणून मी महिनोन् महिने हसतमुख होते. पण रात्र रात्र झोप नव्हती.

आत्या ताबडतोब माझ्याकडे वळल्या. पाळक, नवा जन्म, मंडळी, सगळं बाजूला राहिलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "भ्यायचं असतंच. मी खोटं न्हाई सांगत, मरणाच्या दारात जाऊन यावं लागतं. बाळंतपण म्हणजे बाईचा नवा जन्मच असतो. पण तू काय कमी होत न्हाईस त्यात. गेलीस तशीच परत येतीस, रिबकाची रिबकाच, फक्त आणखी कुणाची तरी आई..."

आणि त्या थांबल्या.

हात माझ्या पाठीवर तसाच होता. मला त्यांच्या तोंडाकडे बघता येत नव्हतं, पण हात जड झालेला कळत होता. पाळकसाहेबांनी काठी खाली ठेवली.

"बाई," ते हळू म्हणाले, "हेच मी काल घटकाभर सांगत होतो. पण मला बाळंतपणाचा अनुभव नाही."

आत्या हसल्या नाहीत. त्या विचार करत होत्या. माणूस कपडा उन्हात धरून वीण बघतो तसं त्या ते बोलणं उलटसुलट करून बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे लग्नातला नव्हं. बाळंतपणातला."

"बाळंतपणातला."

"मंग जुनं गेलं ते काय गेलं?"

पाळकसाहेबांनी लगेच उत्तर दिलं नाही, आणि मला ते त्या दिवसापासून फार आवडायला लागले. त्यांनी चर्चकडे हात केला. म्हणाले, आज ज्याच्यासाठी घंटा वाजते तो कबरेतून उठला. त्याच्याहून नवा जन्म कोणाचा? पण उठला तेव्हा हातांना खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या. त्याला काय, बुजवता आल्या नसत्या? ठेवल्या. त्याच्या माणसांनी त्याला त्या खुणांवरून ओळखला. "भीती जाते, बाई. लाज जाते. लपवायचं जातं. खुणा जात नाहीत. हौसा तुमची खूण आहे. तिच्यासकट या."

"तिचा तर काहीच विधी न्हाई झाला," आत्या म्हणाल्या. आवाज अगदी लहान झाला होता.

"प्रभू लहान मुलांना जवळ घेई तेव्हा दाखला मागत नव्हता."

तेव्हा आत्या रडल्या. मोठ्यानं नाही. धोंड्यावर हात ठेवून, मान खाली घालून, जसं राहिलेलं काम बसून पुरं करावं तशा रडल्या. पाळकसाहेब दुसरीकडे बघत राहिले. मी नाही बघितलं दुसरीकडे. घरात जे रडायचं राहिलं होतं ते कोणीतरी बघायला हवं असं मला वाटलं.

झाल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं, चपला घातल्या आणि मला हात देऊन उठवलं. निघताना धोंड्याकडे वळून, शेजारणीला सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "येते गं जाऊन."

चर्चमध्ये तोपर्यंत काय झालं असेल ते सांगायलाच नको. असतील नसतील ती सगळी ईस्टरची गीतं म्हणून झाली होती आणि दीनाबाईंनी आता नाताळची सुरू केली होती. आम्ही तिघं दारात उभे राहिलो, पाळकसाहेबांच्या झग्याला माती, माझे पाय सुजलेले, आत्यांचे डोळे लाल, आणि पेटी मध्येच थांबली. आमचे हे पहिल्या बाकावर होते. कोट अंगात होता, पण बटणं खालीवर लागलेली. आईला बघून अर्धे उठले आणि पुन्हा बसले.

पाळकसाहेबांनी खुलासा वगैरे काही केला नाही. हात धुतले आणि सरळ कुंडापाशी गेले. आत्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. मी मागच्या बाजूला होते, तिथून मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती आणि साडीला चिकटलेलं करंजाचं एक वाळकं पान. प्रश्न झाले. उत्तरं दिली, नेहमीसारखी खणखणीत. मग ती जागा आली. दीनाबाईंनी श्वास धरलेला मला ऐकू आला, आणि माझाही तोच प्रकार होता.

"या बहिणीचं नाव?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"गोदावरी," आत्या म्हणाल्या. "हाय तेच." पाळकसाहेबांचा हात पाण्यातून वर आला तेवढ्यात आत्यांनी तो थांबवला. "आन् हौसाची आई. आन् शामूची. दोन्ही म्हणा."

बाकांवर कुजबूज झाली. हौसा कोण ते कोणालाच माहीत नव्हतं. पाळकसाहेबांनी त्या कुजबुजीला संपायला वेळ दिला आणि मग, एखादं फार जुनं नाव उच्चारावं तसं सावकाश, सगळं म्हणाले, "गोदावरी, हौसाची आई, शमुवेलची आई," आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं त्यांच्या डोक्यावर पाणी घातलं. एकदा, दोनदा, तीनदा. पाणी केसांतून मानेवर आणि मानेवरून पाठीवर उतरलं. ते पान त्याबरोबर खाली पडलं.

आत्या येऊन बाकावर बसल्या, ह्यांच्या आणि माझ्या मधोमध. मी पदरानं त्यांची मान टिपायला गेले तर म्हणाल्या, असू दे, गार वाटतंय. पेटी पुन्हा सुरू झाली. ह्यांनी मान न वळवता, अगदी लहान मुलासारखं, आईला कोपरानं हलकं ढोसलं.

"आई, हौसा कोण?"

"तुझी थोरली बहीण," आत्या म्हणाल्या. "जेवताना सगळं सांगते. आता गप बस, ताट येतंय."